वीस मीटरला शून्य

पहिले पाच छर्रे काळ्या वर्तुळाच्या मध्यावर धरून मारले आणि पाचही खाली डावीकडे, कोऱ्या पांढऱ्या कागदात जाऊन बसले. भोकं इतकी दाटीनं की वर रुपयाचं नाणं ठेवलं तर सगळी झाकली जावीत. पण वर्तुळात एकही नाही. मी ओशाळून बंदूक खाली ठेवली. शेजारी घडीच्या खुर्चीत बसलेल्या सुभेदारांनी डोळ्यावरची दुर्बीण खाली घेतली.

"वा रावसाहेब, एक नंबर!"

"कसलं एक नंबर? एकपण आत नाही."

"आत न्यायचं काम स्क्रूचं. एका जागी टाकायचं काम तुमचं. तुमचं झालं."

सुभेदार आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. सगळी नोकरी तोफखान्यात, शेवटची काही वर्षं इथेच देवळालीला. मी एकतीस वर्षं कालव्यांवर ओव्हरसियर. कागदावर पदाचं नाव वेगळं होतं, पण शेताच्या बांधावर आमच्या पेशाच्या माणसाला 'रावसाहेब'च म्हणतात. निवृत्त झालो तशी ती हाक बंद झाली. सुभेदारांनी ती पुन्हा सुरू केली, थोडी चेष्टेनं, थोडी मानानं. मीही त्यांना नुसतं 'सुभेदार' म्हणतो. काका-बिका म्हटलेलं त्यांना खपत नाही.

बंदूक माझी, गेल्या दिवाळीत घेतलेली. छऱ्याची, साडेचार मिलिमीटर व्यासाची. एवढा व्यास आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असली की २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. घरी आणली तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "एकतीस वर्षं दुर्बिणीतून बघून पोट भरलं नाही का?" बिल्डिंगमधल्यांचा प्रश्न ठरलेला होता: "बिबट्यासाठी घेतली का?" नाशकात कुणाच्या हातात लांबट पिशवी दिसली की लोकांना आधी बिबट्या आठवतो. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्यानं बिबट्याला फार तर राग येईल, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, हे मी जिन्यात उभं राहून तिघांना समजावलं. द्राक्षबागेतल्या पाखरांवर मारायलाही सुभेदारांची सक्त मनाई. कागद, आणि फक्त कागद.

आम्ही जातो ती जागा गिरणाऱ्याच्या बाजूला आहे. एका ओळखीच्या माणसानं जुनी बाग काढून टाकली आणि त्या लांबट पट्टीच्या टोकाला मातीचा दोन पुरुष उंच भराव घातला. अलीकडे पत्र्याची शेड, चार टेबलं, वाळूच्या पिशव्या. दहा, वीस आणि तीस मीटरला लोखंडी चौकटी. बाकी काही नाही. हिवाळ्यात सकाळी सातला गेलं तर धुकं भरावाच्या पायाशी बसलेलं असतं आणि वारा अजिबात नसतो. दहा वाजले की धरणाच्या अंगानं झुळूक सुरू होते, तेव्हा आम्ही गाशा गुंडाळतो आणि परतीच्या वाटेवर मिसळ खातो. खरं सांगायचं तर सुभेदार मिसळीसाठी येतात असा मला दाट संशय आहे.

त्या पाच छऱ्यांच्या आधीचा रविवार अगदी वाया गेला होता. बंदुकीवर नवी दुर्बीण चढवलेली, चार बाय बत्तीस. म्हणजे चारपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग बत्तीस मिलिमीटरचं. मला वाटलं, दुर्बीण म्हणजे माझं घरचं मैदान. पहिला छर्रा उजवीकडे गेला, मी लगेच बाजूची चकती दहा क्लिक फिरवली. दुसरा डावीकडे. परत उलटी फिरवली. तिसरा वर. चौथा कागदालाच लागला नाही. तासाभरात साठ छर्रे संपले आणि कागदाची चाळण झाली. सुभेदार त्या दिवशी मुद्दाम काही बोलत नव्हते. माणसाचा पुरता चिखल झाल्याशिवाय बोलायचं नाही ही त्यांची जुनी सवय असावी. शेवटी उठले, दुर्बिणीला दोन बोटांनी धरून हलवलं. ती कुचकुचली.

दुर्बीण बंदुकीला ज्या कड्यांनी बसवतात त्यांचे स्क्रू ढिले झाले होते. स्प्रिंगच्या बंदुकीचा हा खास दुर्गुण. दारूच्या रायफलीचा झटका मागे येतो आणि संपतो. स्प्रिंगच्या बंदुकीत आतला जड दट्ट्या सुटतो तेव्हा बंदूक आधी मागे सरकते, आणि दट्ट्या टोकाला जाऊन आदळला की लगेच पुढे हिसका देते. हा दुहेरी धक्का चांगल्या चांगल्या दुर्बिणींच्या आतल्या भिंगांनाही हलवून सोडतो. दर छऱ्यागणिक माझी दुर्बीण केसभर मागे सरकत होती आणि मी चकत्या फिरवून तिचा पाठलाग करत होतो.

"दुसरी गोष्ट," सुभेदार म्हणाले, "तुम्ही बंदुकीचा गळा दाबताय."

"घट्ट धरायला नको?"

"तोफ कधी घट्ट बांधलेली बघितलीत?"

मी तोफ बघितली होती ती फक्त सव्वीस जानेवारीच्या संचलनात. तेव्हा ते टेबलावर बसून हातवारे करत मला बोफोर्स समजावू लागले. १५५ मिलिमीटरची नळी झटक्यासरशी मागे घसरते, तेल आणि दाबलेली हवा तो धक्का पोटात घेतात आणि नळी आपली आपण पुन्हा जागेवर येते. नळीला मागे जायला वाट दिली नाही तर सगळा गाडाच उखडेल. बंदुकीलाही तशी वाट द्यायची. डावा तळवा उघडा, त्यावर लाकूड नुसतं टेकलेलं. दस्ता खांद्याला लागेल न लागेल असा. गाल अलगद. बंदुकीला उडायचं तसं उडू द्यायचं, मात्र दर वेळी सारखंच. हवेच्या बंदुकीवाल्यांमध्ये या पकडीला जगभर 'आर्टिलरी होल्ड' म्हणतात हे मला पुढे कळलं. तोफखान्याच्या माणसाकडून ती शिकायला मिळाली ते देवळाली शेजारी असल्यामुळे. तोफखान्याची शाळा आधी काकूलला, म्हणजे आताच्या पाकिस्तानात होती, १९४० च्या दशकात ती इथे आली. दूर कुठे धडधड होऊन आमच्या कपाटातल्या कपबशा किणकिणल्या की आई म्हणायची, पोरं शिकतायत. (त्याच्याही आधी देवळालीला गोऱ्या सोल्जरांचा तळ होता. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून राहिलेल्यांची डोकी फिरायची, त्यावरून 'डूलॅली' असा एक इंग्रजी शब्दच झाला. सुभेदारांना तो मुळीच आवडत नाही.)

तर, त्या रविवारी स्क्रू आवळून घरी गेलो. पुढच्या रविवारी ते पाच छर्रे.

इथून पुढचं मला येत होतं, किंबहुना हातात मुरलेलं होतं. कालव्यावर जमिनीचा चढउतार मोजायचं आमचं यंत्र म्हणजे डंपी लेव्हल. तिपाईवर आडवी दुर्बीण, तिच्यावर पाऱ्यासारखा सरकणारा बुडबुडा, आणि समोर खलाशी, म्हणजे आमचा मदतनीस, आकड्यांची उभी पट्टी धरून उभा, त्या पट्टीला स्टाफ म्हणायचं. डोळा लावला की आत दोन बारीक काळ्या रेघा एकमेकींना छेदताना दिसतात. बंदुकीच्या दुर्बिणीत दिसतं ते हेच. जुन्या यंत्रांत या रेघा चक्क कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूच्या असत. इतका बारीक आणि तरी ताणून बसणारा धागा माणसाला तेव्हा बनवता येत नव्हता.

नवा माणूस पहिली चूक करतो ती समोरचं चित्र आधी स्पष्ट करण्याची. आधी रेघा स्पष्ट करायच्या असतात. दुर्बीण मोकळ्या आभाळाकडे किंवा पांढऱ्या कागदाकडे धरून मागचं भिंग फिरवायचं, रेघा काळ्याभोर दिसेपर्यंत. मग लक्ष्य. नाहीतर डोकं जरा हललं की रेघ लक्ष्यावरून पोहत जाते. आम्ही त्याला पॅरॅलॅक्स म्हणायचो, सुभेदार म्हणतात 'काटा तरंगतो'. त्यांचा शब्द जास्त चांगला आहे. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बऱ्याचदा शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. त्या वीस मीटरला लावल्या की काटा हमखास तरंगतो. माझी हवेच्या बंदुकीसाठीच केलेली होती म्हणून वाचलो.

अडचण एकच आली. यंत्रात मी एकतीस वर्षं डाव्या डोळ्यानं पाहिलं, कारण उजव्या हाताखाली लेव्हल बुक उघडं असायचं. बंदूक उजव्या खांद्याला, म्हणजे डोळा उजवा, आणि त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच झालेलं. त्या डोळ्याला मी कधी काही कामच दिलं नव्हतं. पहिले काही दिवस तो परक्या गावात बदली झालेल्या कारकुनासारखा वागला.

आता हिशेब. दुर्बिणीवर दोन चकत्या असतात, वरची उंचीची, बाजूची डाव्या-उजव्याची. फिरवली की 'टिक' असं बोटाला कळतं. माझ्या दुर्बिणीची एक टिक म्हणजे पाव मिनिट. हे मिनिट घड्याळातलं नाही, कोनाचं: एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातला एक. पाव मिनिट म्हणजे पंधरा सेकंद. हे वाचलं तेव्हा मी दोनदा चष्मा पुसला. कोन मोजायच्या आमच्या थिओडोलाइटवर वीस सेकंदांपर्यंतच वाचता यायचं, आणि ते यंत्र कुलपात असायचं, घेताना सही लागायची. इथे पोराटोरांच्या छऱ्याच्या बंदुकीवरची चकती त्याहून बारीक हलते. अर्थात हलते म्हणजे खरी हलते असं नाही. स्वस्त दुर्बिणीत दहा टिका फिरवल्या तर कधी आठ लागू होतात, कधी बारा, आणि उरलेल्या पुढचा छर्रा सुटल्यावर धक्क्यानं लागू होतात.

पाव मिनिटानं शंभर मीटरला साधारण सव्वासात मिलिमीटर फरक पडतो, वीस मीटरला त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे दीड मिलिमीटरला किंचित कमी. माझा पुंजका डावीकडे चार सेंटीमीटर आणि खाली जवळजवळ सहा. म्हणजे उजवीकडे अठ्ठावीस टिका, वर एक्केचाळीस. हे मी मिसळीच्या बिलाच्या मागे मांडलं होतं, ते बिल अजून बुकात आहे.

यात एक गोम आहे, भलेभले तिथे अडखळतात. चकतीवर 'अप' लिहून बाण काढलेला असतो. तो बाण छर्रा कुठे सरकेल ते सांगतो, रेघ कुठे सरकेल ते नाही. रेघ उलटीच जाते. बंदूक वाळूच्या पिशव्यांत पक्की रुतवून, रेघ वर्तुळाच्या मध्यावर धरून, कुणीतरी चकती 'वर' फिरवत राहिलं तर आत रेघ खाली खाली उतरत भोकांपाशी जाते. म्हणजे आपण नेम छऱ्याकडे नेतो. छर्रा जिथे जायचा तिथेच जाणार आहे, नळी तशीच आहे, काही बदललेलं नाही. बदलते ती आपली बघण्याची रेघ. सुभेदारांना हे सांगितलं तर म्हणाले, "एवढा विचार केला असता तर आमची तोफांची बॅटरी अजून पहिला गोळा भरत बसली असती. फिरवा."

फिरवल्या. पुढचे पाच छर्रे काळ्यात.

लहानपणी नवरात्रात कालिकेच्या यात्रेत फुगे फोडायच्या टपरीवर आम्ही हेच करायचो, नकळत. तिथल्या बंदुका वाकड्या असतात हे सगळ्या गावाला माहीत. पहिला छर्रा फळीवर कुठे आदळला ते हुशार पोरं बघून ठेवायची आणि दुसऱ्या वेळी तेवढंच उलट्या बाजूला धरायची. नळीच्या टोकाची माशी फुग्याच्या डावीकडे वीतभर, आणि फुटायचा मधला फुगा. टपरीवाला अशा पोरांची बंदूक गुपचूप बदलायचा.

'नेम' हा शब्द अलीकडे माझ्या डोक्यात घोळतो. नेम धरायचा तोही नेम, एकादशीचा उपास तोही नेम, आणि 'त्याचा काय नेम' म्हटलं की भरवसा. 'नेमकं' त्याच घरातलं. 'शिस्त'चंही तसंच. सुभेदार मुलांना शिकवताना फौजी हिंदीत 'शिस्त लो' म्हणतात, म्हणजे नेम धरा. आपल्या जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेमाची सरळ रेघ होतीच, पुढे ती शाळेत जाऊन हाताची घडी तोंडावर बोट झाली.

आता ज्यांच्याकडे बघून लोक या खेळाकडे वळतात त्यांच्या बंदुकीवर दुर्बीण नसते, हेही सांगायला हवं. ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धांत भिंगाची दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोक, पुढे कडं, झालं. स्वप्नील कुसळे मूळचा कोल्हापूरकडचा, पण नेमबाजी शिकला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. १ ऑगस्ट २०२४ ला त्यानं पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ४५१.४ गुण करून कांस्य मिळवलं, ते तशाच भोकातून बघून. पन्नास मीटरवरचं त्यांचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर. आमच्या शेडमध्ये त्या दुपारी एका फोनभोवती आठ डोकी होती.

पण मला त्याहूनही अभिनव बिंद्राची गोष्ट जास्त वेळा आठवते. ११ ऑगस्ट २००८, बीजिंग. अंतिम फेरीआधी साइट जुळवायला काही गोळ्या मिळतात, त्या गुणांत धरत नाहीत. त्यातली पहिलीच त्याची इतकी भलतीकडे गेली की साइट हललेली आहे हे त्याला कळलं. कशी हलली हे कोडंच राहिलं. हातात मोजकी मिनिटं होती. त्यानं साइट फिरवून बंदूक पुन्हा जागेवर आणली, ७००.५ गुण करून सुवर्ण जिंकलं, शेवटची गोळी १०.८. लोक ती शेवटची गोळी सांगतात. मला मात्र ती पहिली, मोजलीच न गेलेली गोळी दिसत राहते. आपला हात चुकला असं न समजता यंत्र चुकलंय हे ओळखायला स्वतःच्या हाताची केवढी खात्री लागते! आणि माझ्या बाबतीत झालं ते याच्या अगदी उलट. माझा हात इतका खात्रीचा होता की यंत्र तपासावं असं मला वाटलंच नाही.

ते सांगतो. हे मी खात्यात कुणाला सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही.

नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी एका चारीचं, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याचं काम माझ्याकडे होतं. तीन किलोमीटर लांब. कालव्याचा उतार इतका कमी असतो की डोळ्याला जमीन सपाटच दिसते. तीन हजारात एक, म्हणजे किलोमीटरला फूटभर. सगळी भिस्त लेव्हलवर. आणि लेव्हल खरी आहे का हे बघायची एक साधी रीत आहे. साठ मीटरवर दोन खुंट्या ठोकायच्या. यंत्र बरोबर मध्ये लावून दोन्हीवरचा आकडा घ्यायचा, मग यंत्र एका खुंटीशी नेऊन पुन्हा घ्यायचा. मध्ये असताना यंत्राची चूक दोन्हीकडे सारखी पडते आणि फिटून जाते. टोकाला नेल्यावर ती उघडी पडते. अर्ध्या तासाचं काम. दर मोसमाला करायचं असतं. त्या वर्षी मी केलं नाही. यंत्र माझ्या हातचं होतं, मी त्याला ओळखत होतो.

यंत्राची रेघ दर तीस मीटरला सात मिलिमीटर वर चढत होती. तरी चाललं असतं, मागचं आणि पुढचं अंतर सारखं ठेवलं असतं तर. पण उन्हात तिपाई कमी वेळा उचलावी लागावी म्हणून मी मागच्या खुंटीजवळ यंत्र लावायचो आणि खलाशाला पुढे लांब पाठवायचो. दर मुक्कामाला चारपाच मिलिमीटर. तीन किलोमीटरच्या शेवटाला वीतभर. मी जिथे तळ खणून झाला म्हणत होतो, तिथे तो खरा वीतभर वरच राहिला होता.

आणि मी ताळा घेतला होता! शेवटापासून मूळ बेंचमार्कपर्यंत, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेपर्यंत, उलटा चालत येऊन आकडे जुळतात का पाहिलं होतं. तंतोतंत जुळले. जुळणारच. परत येताना यंत्र मी त्याच त्याच जागी लावलं, कारण तिपाईच्या पायांची भोकं मातीत तयार होती. जाताना जेवढी चूक चढली, तेवढीच येताना उतरली. लेव्हल बुकात शेऱ्याच्या रकान्यात मी 'ताळा बरोबर' लिहून खाली रेघ मारली. ते अक्षर मला अजून दिसतं. फार वळणदार होतं.

पाणी सुटलं. वरच्यांना मिळालं, मधल्यांना मिळालं, टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला, थबकलं. टेलच्या शेवटच्या गटाचा एक म्हातारा पाण्याच्या प्रत्येक आवर्तनाला ऑफिसात यायचा. धोतर, डोक्याला मफलर, हातात काठी. भांडायचा नाही. "रावसाहेब, पाणी चढना," एवढंच म्हणायचा. पाणी पोचत नाही असं नाही, चढत नाही. शब्द नेमका होता, आणि मी तो ऐकला नाही. मी त्याला सांगायचो, बाबा, वरचे लोक पाळी मोडतात, रात्री दारं उघडतात, मी पाटकऱ्याला सांगतो. वरचे लोक पाळी मोडत होतेही, त्यामुळे खोटं बोलतोय असं मला वाटायचं नाही. टेलच्यांची आणि वरच्यांची त्यावरून एकदा काठ्यांनी जुंपली.

तिसऱ्या वर्षी दुसऱ्या माणसानं दुसऱ्या यंत्रानं तीच चारी तपासली. तो मला चहाच्या टपरीवर घेऊन गेला आणि आवाज न चढवता म्हणाला, "तुझं यंत्र वर बघतंय." उन्हाळ्यात आम्ही शेवटचा तुकडा पुन्हा खणला. कागदावर लिहिलं, गाळ काढला. पुढच्या आवर्तनाला पाणी टेलच्या बांधापर्यंत आलं. चार दिवसांनी म्हातारा बैलगाडीतून कांद्याची गोणी घेऊन क्वार्टरवर आला. माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला वरच्या वर धरलं. कांदे ठेवून घेतले. पावसाळाभर पुरले.

तर त्या रविवारी काळ्यात बसलेल्या पाच भोकांकडे बघून मी खूश असताना सुभेदारांनी मला चौकटीपाशी पाठवलं आणि दुसरा कागद दहा मीटरला, तिसरा तीसला लावायला सांगितला. "त्याच काट्यावर. चकतीला हात लावायचा नाही."

दहा मीटरला पुंजका सव्वा सेंटीमीटर खाली. हे मला अपेक्षित होतं. दुर्बीण नळीच्या वर साडेचार सेंटीमीटर बसलेली, छर्रा खालून निघतो आणि रेघेपर्यंत यायला त्याला अंतर लागतं. म्हणून नळी रेघेच्या मानानं किंचित वर तोंड करून असते. तीसलाही खाली, साधारण तेवढाच. वीस मीटर जायला छऱ्याला सेकंदाचा अकरावा-बारावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो साडेतीन सेंटीमीटर पडतो. तीसपर्यंत जवळजवळ नऊ. माझ्या बंदुकीचा छर्रा वीसच्या आसपास नजरेच्या रेघेला जेमतेम शिवतो आणि पुन्हा खाली उतरतो. दहा मीटर अलीकडे किंवा पलीकडे त्याच बंदुकीचा, त्याच हाताचा नेम खोटा.

मी परत येऊन बसलो. झुळूक अजून सुरू झाली नव्हती. दूर देवळालीच्या दिशेनं दोनदा दबका आवाज आला.

"तुम्हाला गोळा पडलेला दिसायचा का हो?" मी विचारलं.

"आम्हाला? छे! आम्ही टेकडीच्या या अंगाला. आकडे यायचे, लावायचो, सोडायचो. पडलेला दिसायचा ओपीला, म्हणजे पुढच्या निरीक्षकाला. तो पुढे कुठल्या तरी दगडाआड बसलेला. दोनशे वाढवा, शंभर कमी करा, तो सांगेल तसं."

"आणि त्याचं चुकलं तर?"

"चुकायचं कधी कधी. पण आमची तोफ बरोबर आहे म्हणून त्याला खोटं कुणी पाडायचं नाही. बघतोय तो."

मग मी त्यांना चारीची गोष्ट सांगितली. सगळी, कांद्यासकट. ते मध्ये काही बोलले नाहीत. दुर्बिणीची काच बनियनच्या टोकानं पुसत राहिले.

"तो टेलचा म्हातारा," शेवटी त्यांनी विचारलं, "किती वेळा आला होता म्हणालात?"

"दर आवर्तनाला."

"आणि दर वेळी तेच सांगायचा."

"तेच. चढत नाही म्हणून."

सुभेदारांनी मान हलवली. दुर्बीण डोळ्याला लावून तीस मीटरच्या कागदावर धरली.

"टाका," म्हणाले. "मी सांगतो कुठे पडतोय ते."